मुद्दाम हरून मिळवलेल्या निवडींवर बास्केटबॉलचा संघ उभा राहतो का?

वरळीकर

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ २०२५ च्या जूनमध्ये विजेता ठरल्यापासून एक मत पुन्हा ठामपणे मांडले जात आहे. संघ मोडून टाकावा, दोन-तीन हंगाम हरावेत, ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकाच्या निवडी पदरात पाडून घ्याव्यात आणि त्यातून नवा संघ घडवावा, असे ते मत आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो; ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी जरूर लिहावे.

हा खेळ नियमित न पाहणाऱ्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगतो. दरवर्षी महाविद्यालयांतून आणि परदेशांतून येणारे नवे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचे असतात आणि दुबळ्या संघाला आधी संधी मिळते; यालाच ड्राफ्ट म्हणतात. मात्र मुद्दाम हरणाऱ्याला थेट बक्षीस मिळू नये म्हणून १९८५ पासून लॉटरी काढली जाते. प्ले-ऑफ, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या फेऱ्या, न गाठलेल्या १४ संघांची सोडत असते. यंत्रात १४ चेंडू फिरवून त्यातले चार बाहेर काढतात, त्यांचे १००१ संच होऊ शकतात आणि त्यातले १००० संच संघांना त्यांच्या पराभवांच्या क्रमानुसार वाटून दिलेले असतात. २०१८ पर्यंत तळाच्या संघाला पहिल्या क्रमांकाची संधी २५ टक्के होती. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्केच मिळू लागली.

आता फिलाडेल्फियाकडे पाहू, कारण हा मार्ग इतक्या उघडपणे आणि इतक्या निष्ठेने दुसऱ्या कोणी चोखाळलेला नाही. सॅम हिंकी २०१३ मध्ये तेथे सरव्यवस्थापक झाले आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टच्या रात्री त्यांनी ज्रू हॉलिडे हा तेव्हा २३ वर्षांचा आणि नुकताच ऑल-स्टार झालेला, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंत गणला गेलेला, खेळाडू न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला. पुढच्या तीन हंगामांत संघाने अनुक्रमे १९, १८ आणि १० सामने जिंकले, म्हणजे एकूण ४७ विजय आणि १९९ पराभव. त्या बदल्यात आणि त्या वाटेने २०१३ ते २०१७ या काळात नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड, जलील ओकाफोर, बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ असे सहाव्या क्रमांकाच्या आतले पाच खेळाडू संघाला मिळाले. त्यातला एम्बीड २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हे मी नाकारत नाही. पण २०२४-२५ च्या हंगामापर्यंत हा संघ प्ले-ऑफची दुसरी फेरी एकदाही ओलांडू शकला नाही, आणि ज्याला पहिल्याच रात्री विकले त्या हॉलिडेने २०२१ मध्ये मिलवॉकीकडून आणि २०२४ मध्ये बोस्टनकडून अशी दोन विजेतेपदे मिळवली.

मी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा सामना पाहिला होता. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे आमच्या रांगेत बहुतेक जण किंग्जच्या बाजूने ओरडत होते. वरच्या निवडी किंग्जला कधी कमी पडल्या नाहीत. २००९ ला चौथी, २०१० ला पाचवी, २०१२ ला पाचवी, २०१३ ला सातवी, २०१४ ला आठवी, २०१५ ला सहावी, २०१७ ला पाचवी आणि २०१८ ला थेट दुसरी. एवढे असूनही २००६ नंतर सलग १६ हंगाम त्यांना प्ले-ऑफचे तोंड दिसले नाही. समोरचे पेसर्स मात्र तळ गाठण्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि २०२५ च्या अंतिम फेरीत थंडरला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवणारे तेच होते.

हिशेबनीस

वरळीकर, आपली मांडणी नीट वाचली. तरीही मी पूर्णपणे विरुद्ध बाजूला आहे, कारण आपण एका संघाच्या चुकांचा दोष मार्गाच्या माथी मारत आहात.

मोठा खेळाडू संघात येण्याचे तीनच दरवाजे आहेत. तो करारातून मोकळा झाल्यावर स्वतः येतो, अदलाबदलीत मिळतो किंवा ड्राफ्टमधून येतो. पहिला दरवाजा लॉस एंजेलिस आणि मायामी यांच्यासाठी सताड उघडा असतो. ओक्लाहोमा सिटी, डेट्रॉइट, सॅन अँटोनियो किंवा क्लीव्हलँड येथे विशीतला सर्वोत्तम खेळाडू आपणहून राहायला येत नाही. लेब्रॉन जेम्स २०१४ मध्ये क्लीव्हलँडला परतला तो तेथून जवळच असलेल्या ॲक्रनचा होता म्हणून, आणि मुळात तो क्लीव्हलँडचा झाला तोही २००३ च्या पहिल्या निवडीमुळेच. दुसऱ्या दरवाजासाठी हातात देण्यासारखे काही असावे लागते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? उरतो तिसरा, आणि तो वरच्या क्रमांकांवर रुंद उघडतो. सॅन अँटोनियोने १९८७ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन आणि १९९७ मध्ये टिम डंकन यांना पहिल्या क्रमांकावर निवडले आणि १९९९ ते २०१४ या काळात पाच विजेतेपदे मिळवली.

दुसरा मुद्दा पगाराचा आहे, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार पहिली चार वर्षे ठरीव कोष्टकाप्रमाणे असतो, मग तो कितीही चमको. थंडर विजेते ठरले त्या हंगामात चेट होमग्रेन आणि जेलन विल्यम्स या दोघांचा मिळून पगार संघाच्या पगारमर्यादेच्या आठव्या हिश्शाइतकाही नव्हता, आणि त्या वाचलेल्या पैशांतूनच इसाया हार्टेनस्टाइनसारखा मोकळा झालेला अनुभवी खेळाडू घेता आला. हा फायदा अदलाबदलीत आणलेल्या तिशीतल्या ताऱ्याकडून कधीच मिळत नाही.

फिलाडेल्फियाचे म्हणाल, तर त्यांना हाती आलेली निवड वापरता आली नाही. २०१७ मध्ये त्यांच्याकडे तिसरा क्रमांक होता. तो आणि वर आणखी एक निवड बोस्टनला देऊन ते पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यांनी फुल्ट्झला घेतले. बोस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतले. फुल्ट्झ खांद्याच्या दुखण्यामुळे दोन हंगामांत मिळून ३३ सामने खेळला आणि टेटम २०२४ ला विजेता झाला. या व्यवहारावर टीका जरूर करावी, पण तो व्यवहार म्हणजे पद्धत नव्हे.

न्यूजर्सीकर

मी त्या काळात फिलाडेल्फियापासून पाऊण तासाच्या अंतरावर राहत होतो, म्हणून जे जवळून पाहिले तेवढेच लिहितो.

२०१३ च्या ३० ऑक्टोबरला मायकेल कार्टर-विल्यम्स या नवख्या खेळाडूने पहिल्याच सामन्यात २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि ९ स्टील्स (हिसकावलेले चेंडू) अशी कामगिरी करून तेव्हाच्या विजेत्या मायामीला हरवले होते. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता आणि त्याने नाताळला त्याच खेळाडूची एक क्रमांकाची जर्सी मागून घेतली. कार्टर-विल्यम्सला त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू हा मान मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत, म्हणजे त्याचा दुसरा हंगाम अर्ध्यावर असतानाच, संघाने त्याला मिलवॉकीकडे धाडले आणि बदल्यात भविष्यातली एक निवड घेतली. मुलाने रात्री जेवताना विचारले की त्याच्या जागी कोण आले. त्याच्या जागी एक क्रमांक आला आहे आणि त्या क्रमांकावरून पुढे कधीतरी एक मुलगा निवडला जाईल, हे मला त्याला मराठीतही समजावता येईना आणि इंग्रजीतही.

हिशेबनीसांचा पगाराचा हिशेब बरोबरच आहे. त्यात मला काही खोडून काढायचे नाही. पण संघ म्हणजे केवळ हिशेब नव्हे. तीन वर्षे पराभवाची सवय लागलेल्या ड्रेसिंग रूममध्ये वयाने थोर, शब्दाला मान असलेला खेळाडू जवळजवळ नव्हता आणि नवी मुले एकमेकांकडे बघून शिकत होती. एम्बीड पायाच्या हाडाच्या दुखापतीमुळे पहिले दोन्ही हंगाम बाहेर होता. तो आला तेव्हा सगळे शहर त्याच्या मागे उभे राहिले आणि आम्हीही राहिलो. २०१९ च्या मे महिन्यात टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात कवाय लेनर्डने कोपऱ्यातून मारलेला चेंडू रिंगच्या कडेवर चार वेळा उसळून आत पडला, तेव्हा घरात कोणी बोलले नाही. फिलाडेल्फियाला हरवणारा हा लेनर्ड टोरांटोला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातील अदलाबदलीत मिळाला होता. टोरांटोचा पास्कल सियाकम २७ वी निवड होता आणि फ्रेड व्हॅनव्हलीटला तर ड्राफ्टमध्ये कोणी निवडलेच नव्हते.

वरळीकर

हिशेबनीस, थंडरचे उदाहरण आपण दिले आहे तर त्याचे भाग सुटे करून पाहू. शाय गिल्जस-अलेक्झांडर हा त्यांचा मुख्य खेळाडू, हंगामाचा आणि अंतिम फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू. तो २०१८ च्या ड्राफ्टमधली ११ वी निवड. २०१९ च्या जुलैमध्ये पॉल जॉर्जला देऊन त्यांनी त्याला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून आणले, आणि त्याच व्यवहारात पहिल्या फेरीच्या पाच निवडीही मिळवल्या. जेलन विल्यम्स त्यातल्याच एका निवडीतून आलेला, १२ वा. लू डॉर्टची निवड झालीच नव्हती. ॲलेक्स करूसो अदलाबदलीत आला. स्वतःच्या पराभवांच्या जोरावर मिळालेला वरचा खेळाडू म्हणजे २०२२ चा दुसरा क्रमांक होमग्रेन, एवढाच. या संघाचा पाया पराभवाने घातला असे म्हणण्यापेक्षा, एका उत्तम खेळाडूला योग्य वेळी योग्य किमतीला विकण्याने घातला असे म्हणणे मला रास्त वाटते.

आणि गेल्या दशकातील विजेते पाहा. गोल्डन स्टेटचा स्टेफन करी सातवा, क्ले थॉम्प्सन ११ वा आणि ड्रेमंड ग्रीन ३५ वा. मिलवॉकीचा यानिस अँटेटोकूनम्पो १५ वा. डेन्व्हरचा निकोला योकिच ४१ वा, म्हणजे दुसऱ्या फेरीतला. यांपैकी एकालाही मिळवण्यासाठी कोणाला सत्तर सामने हरावे लागले नाहीत. निवडणाऱ्याची नजर आणि नंतर खेळाडूवर घेतलेली मेहनत यांनी हे संघ घडले, आणि त्या दोन गोष्टी पराभवाने विकत मिळत नाहीत.

एक प्रश्न

मग बोस्टनला कोणत्या रकान्यात घालायचे? टेटम आणि जेलन ब्राउन हे दोघेही तिसऱ्या क्रमांकाचे. पण ब्राउनची निवड आणि टेटमच्या वेळी फिलाडेल्फियाला दिलेला पहिला क्रमांक, या दोन्ही निवडी २०१३ मध्ये केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स या उतारवयातील खेळाडूंना ब्रुकलिनला देऊन मिळवल्या होत्या. हरले ब्रुकलिन आणि निवडी मिळाल्या बोस्टनला.

हिशेबनीस

बोस्टनच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम होते. विजेत्या संघाचे दोन्ही खांब तिसऱ्या क्रमांकाचे होते. पराभव कोणाचे होते हा वेगळा मुद्दा आहे. चर्चेचा विषय वरच्या निवडी फळतात का हा असेल, तर तेथे त्या फळल्या आहेत.

वरळीकर, थंडरबाबत आपण एक गोष्ट वगळली. २०२१ च्या २ डिसेंबरला हा संघ मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरला, १५२ विरुद्ध ७९, आणि एनबीएच्या इतिहासात एवढ्या फरकाने दुसरा कोणताही संघ हरलेला नाही. २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांत त्यांनी अनुक्रमे फक्त २२ आणि २४ सामने जिंकले. जिंकण्याची घाई असलेला कोणताही संघ डॉर्टसारख्या निवड न झालेल्या मुलाला रोज तीस-तीस मिनिटे खेळवत नाही आणि त्याचे चुकलेले फटके निमूटपणे सोसत नाही. हरण्याची तयारी ठेवल्यामुळेच ती मिनिटे मिळाली. करूसो अदलाबदलीत आला म्हणता, पण कोणाच्या बदल्यात आला? २०२१ च्या सहाव्या निवडीच्या, म्हणजे जॉश गिडीच्या बदल्यात. ह्यूस्टननेही २०२१ ची दुसरी निवड असलेल्या जेलन ग्रीनला आणि त्याच्यासोबत आणखी काही ऐवज देऊन २०२५ मध्ये केविन ड्युरंटला आणले, तेही आधी ५२ सामने जिंकून झाल्यावर. वरची निवड तारा निघाली तर उत्तमच, नाही निघाली तरी चार वर्षे बाजारात तिला भाव असतो.

योकिच ४१ वा होता हे खरे. परंतु योकिचला ज्या संघांनी मिळून ४० वेळा सोडले त्यांत डेन्व्हरही आहे. त्या वर्षी त्यांनी आधी इतरांना निवडले होते. अशा घटनेची वाट पाहणे हे धोरण होऊ शकत नाही. पहिल्या पाचांत निवडायला मिळणे हे तरी संघाला स्वतःच्या हातांनी थोडेफार घडवता येते.

साताऱ्याची क्रीडाशिक्षिका

मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे या प्रश्नाकडे खेळाडूच्या घडणीच्या बाजूने पाहते. दोघांचेही म्हणणे वाचल्यावर मला डेट्रॉइटबद्दल लिहावेसे वाटले, कारण तेथे एकाच संघात दोन्ही बाजूंचा पुरावा सापडतो.

डेट्रॉइटने २०२१ मध्ये केड कनिंगहॅमला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्यानंतरच्या तीन हंगामांत विजयांची संख्या वाढण्याऐवजी २३, १७ आणि १४ अशी घटत गेली. २०२३-२४ मध्ये ते सलग २८ सामने हरले, तेव्हा संघात वरच्या निवडींची वाण नव्हती. कनिंगहॅमसोबत २०२२ चा पाचवा जेडन आयव्ही होता आणि २०२३ चा पाचवा ऑसार थॉम्प्सनही होता. मी ते सामने पाहिले आहेत. कनिंगहॅम चेंडू घेऊन आत शिरला की तीन बचावपटू त्याच्याभोवती गोळा होत, कारण बाहेर उभ्या असलेल्या मुलांच्या नेमबाजीची त्यांना धास्तीच नव्हती. त्याने पास दिला तरी पुढचा फटका हुकत असे आणि परत येताना त्याचे खांदे उतरलेले दिसत.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी प्रशिक्षक बदलला, जे. बी. बिकरस्टाफ यांना आणले, आणि टोबायस हॅरिस, मलिक बीस्ली व टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी, नेम असलेले खेळाडू घेतले. जागा मोकळी झाली. तोच कनिंगहॅम ऑल-स्टार झाला आणि १४ विजयांचा संघ पुढच्याच हंगामात ४४ सामने जिंकून प्ले-ऑफमध्ये गेला. हिशेबनीसांना मी एवढेच विचारते की, ही तीन माणसे २०२२ मध्येच आणली असती तर डेट्रॉइटचे काय नुकसान झाले असते? थॉम्प्सन कदाचित मिळाला नसता. पण कनिंगहॅमची विशीतली दोन वर्षे हातची गेली नसती. माझ्या शाळेच्या संघात मी दहावीच्या दोन तरी मुली ठेवतेच. सगळ्याच सातवीच्या घेतल्या तर सामना हातातून जाताना कोणाकडे पाहायचे ते त्यांना कळत नाही.

हिशेबनीस

बाई, आपला आक्षेप मला मान्य आहे. डेट्रॉइटने एक वर्ष नव्हे, दोन वर्षे जास्त घेतली. होमग्रेनला घेतल्यावर थंडरने ४० सामने जिंकले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ५७. ते वेळेवर थांबले. वरची निवड मिळवण्यासाठी हरणे आणि हरण्याचीच सवय लागणे यांतला फरक ज्या संघाला कळत नाही त्याच्यासाठी हा मार्ग धोक्याचा आहे, असे मी माझ्या आधीच्या मतात जोडतो. मात्र मूळ मत बदलत नाही. कनिंगहॅम डेट्रॉइटला फक्त ड्राफ्टनेच दिला असता.

वरळीकरांना एक सरळ प्रश्न. २०२२ च्या उन्हाळ्यात आपण सॅन अँटोनियोचे सरव्यवस्थापक असता आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधून व्हिक्टर वेम्बानयामा येणार हे सगळ्या जगाला ठाऊक होते, तेव्हा आपण जिंकायचा प्रयत्न केला असता का? त्यांनी तेव्हा डेजाँटे मरे या ऑल-स्टार खेळाडूला विकले, २२ सामने जिंकले आणि वेम्बानयामाला मिळवले.

वरळीकर

प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. मरेला विकले असते, कारण त्याच्या बदल्यात निवडी मिळत होत्या आणि तो एकटा संघाला पुढे नेणारा नव्हता. त्यापुढे हरण्यासाठी म्हणून संघ रचला नसता. थंडरने २०२१ मध्ये ॲल हॉरफर्ड या ठणठणीत खेळाडूला मार्चनंतर घरी बसवले तसे काही केले नसते, आणि २०२५ मध्ये खेळण्याजोगा खेळाडू बाहेर ठेवल्याबद्दल लीगने युटाला एक लाख डॉलर दंड केला तशी वेळ स्वतःवर येऊ दिली नसती. तेवढे करूनही युटा तळाला राहिले आणि लॉटरीत पाचव्या क्रमांकावर गेले. पहिला क्रमांक मिळाला डॅलसला, ज्यांची संधी १.८ टक्के होती.

आपण सॅन अँटोनियोची रात्र आठवता, तर ती पूर्ण आठवू. २०२३ च्या मे महिन्यात त्या लॉटरीच्या वेळी तीन संघांची संधी अगदी सारखी होती, प्रत्येकी १४ टक्के. सॅन अँटोनियो आणि ह्यूस्टन यांनी ६०-६० सामने हरले होते, डेट्रॉइटने ६५. तिघांनीही हीच वाट धरली होती, तिघांकडेही तरुण मुले होती, आणि तिघांच्याही चाहत्यांनी वर्षभर हेच ऐकले होते की सोसा, पुढे वेम्बानयामा आहे. चार चेंडू बाहेर आले. सॅन अँटोनियोला पहिला क्रमांक मिळाला, ह्यूस्टनला चौथा, आणि सर्वांत जास्त हरलेल्या डेट्रॉइटला पाचवा. बाईंनी ज्या २८ पराभवांचे वर्णन केले ते त्यानंतरच्याच हिवाळ्यातले.

न्यूजर्सीकर

ती जर्सी अजून आमच्याकडे आहे. मुलगा आता वीस वर्षांचा आहे आणि विद्यापीठात सांख्यिकी शिकतो. हा धागा त्याला वाचून दाखवला. त्याला हिशेबनीसांचे म्हणणे अधिक पटले. संधी १४ टक्के असली तरी ती लॉटरीतल्या शेवटच्या संघाच्या ०.५ टक्क्यापेक्षा बरी, असे तो म्हणाला. त्यावर मी त्याला विचारले की मग दुसरी जर्सी तू कधी का घेतली नाहीस. तो म्हणाला, एम्बीडची घेणार होतो, पण तोही जाईल असे दरवर्षी वाटायचे.